पुस्तकांतून परत आलेली भाषा खरी असते का? कौर्ना लोक, त्यांची भूमी आणि त्यांची भाषा

प्रश्न असा आहे. ॲडलेडमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील मुलगी शाळेत कौर्ना शब्द आणि गाणी शिकते. प्रत्येक समारंभाच्या आरंभी ही कौर्ना लोकांची, म्हणजे या परिसराच्या मूळ रहिवाशांची, भूमी आहे, असा उल्लेख होतो. तिच्या वडिलांना शंका आहे की ज्या भाषेची शेवटची अस्खलित वक्ती १९२९ मध्ये वारली, ती जुन्या कागदांवरून उभी केली तर तिला खरी कौर्ना म्हणावे का. आणि शहर वसून १८० हून अधिक वर्षे लोटल्यावर त्या भूमीवरील हक्काला काय अर्थ उरतो. मी बरीच वर्षे लहान भाषांच्या दस्तऐवजीकरणाचे काम केले आहे, त्याची सुरुवात बुलढाणा जिल्ह्यातील निहाली भाषेपासून झाली, आणि ॲडलेडमध्ये आल्यावर कौर्ना भाषेचे वर्गही केले आहेत. त्या अनुभवावरून अशा पालकांना मी सांगेन: तुमचे हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. भाषेचा खरेपणा कागदावर ठरत नाही. ती कोणाच्या अधिकाराने आणि कोणत्या भूमीवर बोलली जाते, यावर तो ठरतो. कौर्ना लोकांच्या बाबतीत हे विशेष स्पष्टपणे दिसते.

भूमीपासून सुरुवात करतो. कौर्ना प्रदेश म्हणजे सेंट व्हिन्सेंट आखाताच्या पूर्व किनाऱ्यालगतची सपाटी. उत्तरेला क्रिस्टल ब्रुकच्या बाजूपासून दक्षिणेला केप जर्व्हिसपर्यंत ती पसरली आहे आणि पूर्वेला माउंट लॉफ्टीच्या डोंगररांगेने तिला कुंपण घातले आहे. आज जिथे ॲडलेड आहे, ते तार्न्तान्या, म्हणजे लाल कांगारूचे ठिकाण. क्रिकेटमुळे मराठी वाचकांना ओळखीचे असलेले ॲडलेड ओव्हल मैदान ज्या नदीकाठी आहे, ती टॉरेन्स म्हणजेच कार्रावीर्रा पार्री, लाल गमवृक्षांच्या, म्हणजे एका जातीच्या निलगिरीच्या, रानातून वाहणारी नदी. उन्हाळ्यात किनाऱ्यावर मासेमारी करायची आणि हिवाळ्यात पायथ्याच्या टेकड्यांच्या आडोशाला जायचे, असा या लोकांचा वर्षाचा क्रम होता. पहिल्या वसाहतकारांना ही सपाटी एखाद्या जमीनदाराच्या राखलेल्या उद्यानासारखी मोकळी आणि गवताळ दिसली. ती तशी आपोआप झालेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या विचारपूर्वक लावलेल्या आगींनी ती तशी राखलेली होती.

डोंगर, झरे आणि किनारा यांना बांधणारी कथा चिल्ब्रुकी या पूर्वजाची आहे. तिची एकाहून अधिक रूपे सांगितली जातात. त्यांचा गाभा असा: चिल्ब्रुकीचा लाडका भाचा कुलुल्टुवी याने निषिद्ध असलेला इमू मारला आणि त्यावरून त्याच्याच भावांनी त्याचा जीव घेतला. चिल्ब्रुकीने न्याय केला, भाच्याचा धुराने सुकवलेला देह खांद्यावर घेतला आणि किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत निघाला. वाटेत जिथे जिथे तो बसून रडला, तिथे तिथे त्याच्या अश्रूंचा गोड्या पाण्याचा झरा झाला. शेवटी माणूस म्हणून जगण्यात त्याला रस उरला नाही आणि तो आयबिस पक्षी झाला. हॅलेट कोव्ह, पोर्ट नोआर्लंगा, पोर्ट विलंगा आणि सेलिक्स बीच येथील झरे या कथेचे आहेत. खाऱ्या किनाऱ्यावर गोडे पाणी कुठे मिळते, कोणत्या शिकारीला कोणता नियम लागू आहे आणि मृतांशी कसे वागायचे, हे सर्व या एका प्रवासात सांगितलेले आहे. बेडफर्ड पार्कजवळच्या वार्रीपारिंगा येथे आज कौर्ना सांस्कृतिक केंद्र आहे. ॲडलेडमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना मी आधी तिथे जायला सांगतो आणि मग समुद्रकिनाऱ्यावर.

आता वसाहतीकडे वळू. ब्रिटनचा राजा चौथा विल्यम याने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीसाठी १९ फेब्रुवारी १८३६ रोजी दिलेल्या सनदेत असे स्पष्ट म्हटले होते की मूळ रहिवासी आणि त्यांचे वंशज ज्या जमिनी प्रत्यक्ष वहिवाटत किंवा उपभोगत आहेत, त्यांवरील त्यांच्या हक्काला बाधा येणार नाही. २८ डिसेंबर १८३६ रोजी ग्लेनेलग येथे वसाहतीची घोषणा झाली आणि जमिनीची मोजणी करून ती विकायला सुरुवात झाली. इथे कोणाची नेमकी मालकी नव्हती, हे विक्रीचे समर्थन होते. मात्र त्याच वसाहतीत १८४० मध्ये छापल्या गेलेल्या कौर्ना व्याकरण-शब्दसंग्रहात 'पांगकार्रा' हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ दिला आहे: एखाद्या व्यक्तीच्या मालकीचा, तिला वडिलांकडून वारशाने मिळालेला भूप्रदेश. शब्दाखाली उदाहरणाचे वाक्यही आहे: माझ्या पांगकार्रात शिकार भरपूर आहे. सनदेतील अट वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना याहून स्पष्ट पुरावा हवा होता, असे मला वाटत नाही. तो त्यांच्या हाताशी छापील स्वरूपात होता आणि तरीही जमीन विकली गेली.

हा ग्रंथ लिहिणारे दोघे जर्मन लुथरन मिशनरी होते: ख्रिश्चन गॉटलीब टाइशेलमान आणि क्लामोर विल्हेल्म श्यूरमान. ड्रेस्डेनच्या मिशनने पाठवलेले हे दोघे ऑक्टोबर १८३८ मध्ये, नवे गव्हर्नर गॉलर ज्या जहाजाने आले त्याच जहाजाने, ॲडलेडला पोचले. त्या जहाजाचे नाव पेस्तनजी बमनजी होते. मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याचे नाव या इतिहासाच्या पहिल्याच पानावर असावे, याचे मला अजूनही नवल वाटते. श्यूरमान आणि टाइशेलमान यांना भाषा शिकवणारे होते मुल्लाविर्राबुर्का, काड्लिटपिन्ना आणि इत्यामाईइटपिन्ना हे कौर्ना वडीलधारे. वसाहतकार त्यांना किंग जॉन, कॅप्टन जॅक आणि किंग रॉडनी म्हणत. पुस्तकावर नावे मिशनऱ्यांची असली, तरी त्यातील ज्ञान या माणसांचे आहे. सुमारे २,००० शब्द, व्याकरणाची रूपरेषा आणि एकमेकांशी बोलताना लागतील अशी काहीशे वाक्ये एवढा त्याचा ऐवज आहे. ती वाक्ये फार मोलाची आहेत. नुसत्या शब्दांच्या यादीवरून भाषा उभी राहत नाही. वाक्ये असली, तरच प्रत्यय कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे कळते.

डिसेंबर १८३९ मध्ये नदीकाठी पिल्टावॉड्ली येथे या मिशनऱ्यांनी शाळा काढली आणि तिथे मुलांना त्यांच्याच भाषेत लिहा-वाचायला शिकवले. मुलांनी कौर्नात लिहिलेली पत्रे जर्मनीला गेली. ही पत्रे म्हणजे मुलांनी स्वतः लिहिलेली कौर्ना असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकाला ती शब्दसंग्रहाइतकीच महत्त्वाची वाटतात. १८४५ मध्ये गव्हर्नर जॉर्ज ग्रे याच्या काळात ही शाळा मोडली, मुलांना केवळ इंग्रजीत शिकवणाऱ्या शाळेत हलवले आणि पिल्टावॉड्लीतील घरे पाडली. हाच ग्रे पुढे केप वसाहतीचा गव्हर्नर झाला, आणि भाषांच्या हस्तलिखितांचा संग्राहक असल्यामुळे टाइशेलमानने आपला १८५७ चा वाढवलेला कौर्ना शब्दसंग्रह त्यालाच पाठवला. त्यामुळे कौर्ना भाषेचा सर्वांत समृद्ध कागद आज केप टाउनमध्ये आहे.

भाषा गेली, ती कोणी बोलणे विसरले म्हणून नव्हे. वसाहतीच्या आधीच मरे नदीच्या खोऱ्यातून आलेल्या देवीच्या साथीने माणसे मेली होती. नंतर इतर रोग आले, शिकारीची कुरणे मेंढ्यांखाली गेली आणि उरलेली कुटुंबे यॉर्क द्वीपकल्पावरील पॉइंट पिअर्स, मरेच्या मुखाजवळील रौक्कन अशा वस्त्यांवर विखुरली. तिथे इतर भाषांचे लोक होते, वर मिशनची इंग्रजी होती. १८६० च्या दशकापर्यंत कौर्ना रोजच्या व्यवहारातून जवळजवळ गेली. इत्यामाईइटपिन्नाची मुलगी इपार्रित्यी, जुन्या लेखनात इव्हारित्जी, १९२९ मध्ये वारली. १९१९-२० च्या सुमारास अभ्यासकांनी तिच्याकडून काही शब्द नोंदवले होते.

पण माणसे संपली नव्हती. इथे कुड्नार्टूचे नाव घेतले पाहिजे. १८४८ मध्ये तिने टॉम ॲडम्स या मेंढपाळाशी केलेला विवाह दक्षिण ऑस्ट्रेलियात मूळ रहिवासी स्त्री आणि वसाहतकार यांच्यातील कायद्याने नोंदलेला पहिला विवाह मानला जातो. आजच्या अनेक कौर्ना घराण्यांची वंशावळ तिच्यापर्यंत जाते. तिचे नावच तिच्या भाषेचा पुरावा आहे, कारण कौर्ना मुलांना जन्मक्रमाप्रमाणे नाव मिळते. पहिले अपत्य मुलगा असेल तर कार्तामेरु, मुलगी असेल तर कार्तान्या; दुसरे वार्रित्या किंवा वार्रिआर्टू; तिसरे कुड्नुइत्या किंवा कुड्नार्टू; असे नवव्या अपत्यापर्यंत. कुड्नार्टू आपल्या घरातले तिसरे अपत्य होती, हे तिच्या नावावरूनच कळते. आज कौर्ना कुटुंबे आपल्या बाळांना पुन्हा ही नावे देतात.

पुनरुज्जीवनाची सुरुवात १९९० च्या आसपास गाण्यांपासून झाली. एका कार्यशाळेत नारुंगा, कौर्ना आणि ङारिन्जेरी या भाषांतून मुलांसाठी गाणी रचली गेली. १९९२ पासून ॲडलेडच्या उत्तरेकडील एलिझाबेथ या उपनगरातील कौर्ना प्लेन्स शाळेत भाषा शिकवायला सुरुवात झाली. तिथल्या मुख्याध्यापिका अलित्या रिग्नी या ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी समाजातील पहिल्या महिला मुख्याध्यापिका. त्या आणि कुड्नार्टूचे वंशज असलेले ज्येष्ठ लुईस यार्लुपुर्का ओब्रायन यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये ॲडलेड विद्यापीठात 'कौर्ना वार्रा पिन्त्यान्थी' हा गट उभा राहिला. भाषातज्ज्ञ रॉब ॲमरी सुरुवातीपासून त्यांच्यासोबत आहेत. गटाची कामाची पद्धत मला अनुकरणीय वाटते: भाषातज्ज्ञ पर्याय मांडतात, निर्णय कौर्ना माणसे घेतात. २०१३ मध्ये कौर्ना लोकांची स्वतःची संस्था, 'कौर्ना वार्रा कार्रपान्थी', स्थापन झाली. जॅक कान्या बकस्किन या तरुणाने भाषा शिकली, शिकवली आणि घरी आपल्या मुलीशी कौर्ना बोलायला सुरुवात केली. कित्येक पिढ्यांनंतर एखाद्या मुलाच्या कानावर घरात ही भाषा पडली.

आता शंकेचा गाभा. जुन्या पुस्तकातील भाषा बरोबर कशी ठरवायची? जर्मन कानांना जे ध्वनी ओळखीचे नव्हते, ते त्यांनी कधी लिहिले, कधी सोडले. कौर्नात दंत्य त आणि मूर्धन्य ट वेगळे आहेत, न आणि ण वेगळे आहेत, ल आणि ळ वेगळे आहेत, आणि शब्दाच्या आरंभी ङ येतो. स्वर मात्र तीनच: अ, इ, उ, आणि त्यांची दीर्घ रूपे. मिशनऱ्यांनी ए आणि ओ लिहिले आणि ट-ण-ळ बऱ्याच ठिकाणी निसटले. मग काय केले? कौर्ना ज्यात येते त्याच थुरा-यूरा भाषाकुटुंबातील आद्न्यामाथान्हा, बार्ङ्गार्ला अशा बहिणभाषांतील तेच शब्द पाहिले, नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि प्रत्येक शब्दाचा उच्चार ठरवला. २०१० मध्ये सुधारित लेखनपद्धती स्वीकारली गेली. तिच्यात रोमन 'आर'ला 'एन' जोडला की ण, 'एल' जोडला की ळ. म्हणजे मी वर लिहिलेले तार्न्तान्या खरे तर ताण्टान्या आहे, पिल्टावॉड्लीची सुरुवात पिळ्टा अशी आहे, आणि 'कौर्ना' हे रोमन अक्षरांवरून मराठीत आलेले रूप असून मूळ उच्चार गाउणाच्या जवळचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना महिनोन्‌महिने सराव करावा लागतो, ते ध्वनी तुमच्या मुलीला घरी आजीशी बोलताना आधीच मिळाले आहेत.

व्याकरणही आपल्या फार परके नाही. 'मुलगी आली' पण 'मुलीने भाकरी खाल्ली', हा आपल्याकडे भूतकाळात होणारा कर्त्याचा बदल कौर्नात सर्व काळांत होतो. 'मी' जाताना 'ङाय' असते आणि कशावर तरी क्रिया करताना 'ङातु' होते. द्विवचन आहे. डोंगरातील युरायडला या गावाच्या नावात ते जपले गेले आहे: 'युरी' म्हणजे कान, त्याचे द्विवचन म्हणजे दोन कान. ही डोंगररांग म्हणजे पडलेल्या एका महाकाय पूर्वजाचा देह आणि तिची दोन शिखरे म्हणजे त्याचे कान, अशी कथा आहे. नोआर्लंगा, विलंगा, अल्डिंगा, मायपोंगा या नावांच्या शेवटचा '-ंगा' हा सप्तमीचा प्रत्यय आहे. एखाद्या परक्याने नकाशावर पुण्याऐवजी 'पुण्यात' लिहावे, तसे हे झाले आहे. तीन किंवा अधिक अक्षरांच्या शब्दांना त्याऐवजी '-इला' लागतो. म्हणूनच १८४० च्या त्या वाक्यात 'माझ्या भूमीत' यासाठी 'पांगकार्रिला' आहे आणि यांकालिला गावाच्या शेवटी तोच प्रत्यय दिसतो. दीडशे वर्षे प्रवासी या पाट्या वाचत गेले आणि कौर्ना विभक्ती उच्चारत राहिले.

कागदात नाही ते नवे घडवावे लागते आणि शंका बहुधा इथेच येते. संगणकाला 'मुकाण्टु' म्हणतात: 'मुकामुका' म्हणजे मेंदू, 'काण्टु' म्हणजे वीज. भाषेच्या स्वतःच्या धातूंतून आणि प्रत्ययांतून शब्द घडवणे हे मराठीने संस्कृताच्या आधारे सतत केले आहे. त्यामुळे मराठी खोटी झाली, असे कोणी म्हणत नाही. आजची कौर्ना मुल्लाविर्राबुर्काच्या कौर्नासारखी तंतोतंत नाही, हे तिचे शिक्षकही उघडपणे सांगतात. सुरावटीवर इंग्रजीची छाया आहे, काही रूपे अंदाजाने पुरी केली आहेत. पण सलग बोलल्या गेलेल्या भाषाही दीडशे वर्षांत बदलतात. निहालीच्या गावांत मी पाहिले आहे की भाषा जिवंत असूनही तरुण मंडळी कोरकू आणि मराठीकडे वळतात, कारण त्यांच्या भाषेला बाहेर कुठे मान नाही. कौर्नाच्या बाबतीत उलटे घडले: वक्ते नव्हते, पण आपल्या भाषेचा अभिमान बाळगणारी, तिच्यासाठी संध्याकाळी वर्गाला येणारी माणसे होती. दस्तऐवज करणाऱ्या माणसाने निवड करायची झाली तर मी दुसऱ्या परिस्थितीला अधिक आशादायक मानीन.

भूमीच्या हक्काविषयी. मूळ रहिवाशांचा भूहक्क पहिल्यांदा मान्य करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाच्या १९९२ च्या माबो निकालानंतर १९९३ मध्ये नेटिव्ह टायटलचा, म्हणजे मूळ रहिवाशांच्या परंपरागत भूहक्काचा, कायदा झाला. कौर्ना लोकांनी २००० मध्ये दावा दाखल केला आणि १८ वर्षांनी, २१ मार्च २०१८ रोजी, फेडरल न्यायालयाने सर्व पक्षांच्या संमतीने त्यांचा हक्क मान्य केला. पर्थबाबतचा २००६ चा असाच निकाल अपिलात टिकला नव्हता. त्यामुळे राज्याच्या राजधानीच्या परिसराबाबत मिळालेली ही मान्यता महत्त्वाची आहे. मात्र खाजगी मालकीत गेलेल्या जमिनीवर हा हक्क कायद्यानेच संपुष्टात येतो, म्हणून प्रत्यक्षात तो १७ अविकसित भूखंडांवर उरला आहे. तुमच्या घराच्या मालकीवर त्याचा काही परिणाम होत नाही. एवढ्या मोठ्या प्रदेशाच्या मानाने १७ भूखंड फार थोडे आहेत, आणि हे थोडेपण लपवण्यात अर्थ नाही. तरीही परंपरा सलग चालू आहे, हे न्यायालयासमोर मान्य व्हावे लागते, आणि त्या मान्यतेमागे भाषा, नावे आणि कथा जपणाऱ्या कुटुंबांचे श्रम आहेत.

दुसऱ्या बाजूने ही भूमी पूर्वजांना परत घेते आहे. संग्रहालयांत, लंडनमध्येही, ठेवलेले कौर्ना पूर्वजांचे अवशेष परत आणले जात आहेत. २०१९ मध्ये किंग्स्टन पार्क येथे दफन झाले आणि नंतर स्मिथफील्ड येथे वांगायार्ता ही कायमची विश्रांतीची जागा तयार झाली. अशा विधींत भाषणे कौर्नात होतात. शहराच्या उद्यानांना आणि चौकांनाही आता जोडनावे आहेत: व्हिक्टोरिया चौक तार्न्तान्यांगा आहे, व्हिटमोर चौक इपार्रित्यी आहे, वेलिंग्टन चौक कुड्नार्टू आहे.

आता तुम्ही काय करावे. समारंभात भूमीचा उल्लेख कोणीही करू शकतो, तुमचे मराठी मंडळही. भूमीवर स्वागत मात्र फक्त कौर्ना व्यक्तीच करते आणि त्यासाठी त्यांना रीतसर बोलावून योग्य मानधन द्यावे. वास्तूला, कार्यक्रमाला किंवा नियतकालिकाला कौर्ना नाव द्यायचे असेल, तर शब्दकोशातून परस्पर उचलू नका. 'कौर्ना वार्रा कार्रपान्थी'कडे विचारणा करा, कारण कोणता शब्द कुठे शोभतो हे ठरवणे त्यांच्याकडे आहे. भाषा शिकायची असेल तर कौर्ना शिक्षक घेतात ते वर्ग निवडा. मुलगी घरी येऊन 'नीना माणि?', म्हणजे 'तू बरा आहेस ना?', असे विचारील तेव्हा 'माणि आय', मी बरा आहे, असे उत्तर द्या, ण नीट उच्चारून.